अभ्यासदौरा संपला, गट निघाला, मी मागे: परतीचा प्रवास एकटीने कसा करावा?

ओहोटी

नमस्कार मंडळी. आमच्या किनारा अभियांत्रिकीच्या वर्गाचा अभ्यासदौरा सध्या नेदरलँड्समध्ये चालू आहे. समुद्राची वादळी भरती अडवणारे मासलांटकेरिंगचे ते अगडबंब दरवाजे पाहून झाले, ओस्टरस्खेल्डेचा बांध पाहून झाला, आता डेल्फ्टला मुक्काम आहे. शनिवारी, १५ तारखेला दुपारच्या विमानाने सगळे परत निघतात.

मी निघत नाहीये. इथल्या एका प्रयोगशाळेत लाटांच्या हौदात वाळूचा किनारा कसा झिजतो ते मोजणं चालू आहे आणि माझा प्रबंध नेमका त्याच विषयावर आहे. सरांनी शब्द टाकला, इथल्या लोकांनी होकार दिला, विभागप्रमुखांची परवानगीही ई-मेलवर आली. तेव्हा गुरुवारी, २० तारखेला मी ॲमस्टरडॅम ते दोहा आणि दोह्याहून घर असा प्रवास एकटीने करणार.

भीती वाटते का? वाटते, पण हरवायची नाही. येताना मी काय केलं ते आठवून बघितलं, तर आठवते ती फक्त पुढच्या मुलाच्या पाठीवरची निळी सॅक. ती थांबली की मी थांबायचे. पासपोर्ट सरांनी गोळा केले, काउंटरवर गठ्ठा दिला, बोर्डिंग पास पत्त्यांसारखे वाटले. कुठली रांग कशासाठी होती हे मला आजही सांगता येणार नाही.

तर प्रश्न असे. तिकिटाचं एजंटशी फोनवर बोलणं झालंय, "तारीख बदलून देतो, काळजी करू नका" म्हणाला. अजून हातात काही आलेलं नाही. आठवण कितपत करावी? व्हिसाची शेवटची तारीख बरीच पुढची आहे, त्यामुळे ती चिंता नाही. दोह्याला दोन-अडीच तास मिळतात, तेवढ्यात सामान घेऊन परत द्यायचं असतं का? आणि अर्ध्या वर्गाने मला परस्पर कुरिअर नेमलंय: "तू नंतर येणारच आहेस ना, मग हे तेवढं घेऊन ये." आत्तापर्यंत दोन जाडजूड पुस्तकं, एक ट्रायपॉड आणि एक न उघडलेली पिशवी जमा झालीय. शिवाय झांडमोटरच्या, म्हणजे मुद्दाम वाळू टाकून घडवलेल्या किनाऱ्यावरची बरणीभर वाळू माझी स्वतःची. ती नेता येते का?

आईचं म्हणणं, गटाबरोबरच परत ये, प्रयोग काय पुन्हा होतील. होणार नाहीत. तेव्हा तो सल्ला सोडून बाकी सगळे सल्ले द्या.

तिकीटखिडकी

ओहोटी, निम्मं आयुष्य तिकिटं काढण्यात गेलं, म्हणून आधी तिकिटाचं बोलतो. "करून देतो" हे तिकीट नव्हे.

तुमचं ग्रुप फेअर असणार. दहा किंवा जास्त माणसं असली की विमान कंपन्या ते देतात. सगळी नावं एकाच पीएनआरवर असतात आणि तारखेचा सौदा सगळ्यांचा मिळून झालेला असतो. त्यातल्या एकाने वेगळ्या दिवशी परतायचं म्हटलं, की त्याला आमच्या धंद्यात डेव्हिएशन म्हणतात. किती जणांना ते द्यायचं आणि जादा किती आकारायचे, हे त्या गटाच्या करारात असतं. काही भाड्यांत ते मुळीच मिळत नाही. मिळत असेल तर एजंटला तुमचं नाव गटाच्या पीएनआरमधून स्प्लिट करावं लागतं. तसं झालं की तुमचा स्वतंत्र सहा अक्षरी पीएनआर तयार होतो आणि मग नव्या तारखेवर तिकीट रीइश्यू होतं.

हे शनिवारच्या आधी झालं नाही तर काय? शनिवारी काउंटरवर एक माणूस कमी भरेल, तुमच्या नावापुढे नो-शो लागेल आणि पुढचे टप्पे आपोआप रद्द होतील. गुरुवारी तुम्ही विमानतळावर उभ्या राहाल तेव्हा तुमच्या नावाचं काहीच नसेल. एजंट तेव्हाही "बघतो" म्हणेल.

म्हणून शुक्रवार संध्याकाळपर्यंत तीन गोष्टी लेखी मागा: नवा पीएनआर, तेरा आकडी तिकीट क्रमांक आणि दोन्ही टप्प्यांच्या तारखा. मग विमान कंपनीला स्वतः फोन लावा, तो तेरा आकडी क्रमांक वाचून दाखवा आणि प्रवास त्यांच्याकडून वदवून घ्या. नुसत्या पीएनआरवर समाधान मानू नका. आरक्षण असतं पण त्याला तिकीट जोडलेलं नसतं, असं मी कितीदा पाहिलंय.

आणि तारखा टप्प्यागणिक तपासा. दुपारी निघालेलं विमान दोह्याला रात्री पोचतं, पुढचं विमान बहुधा मध्यरात्र उलटल्यावरचं असेल, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची तारीख एका दिवसाने पुढची. तारीख बदलताना हमखास गोंधळ होतो तो इथेच.

सामानाचं सोपं आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर बॅग ॲमस्टरडॅमहून थेट शेवटपर्यंत जाते. टॅगवर शेवटच्या विमानतळाचं तीन अक्षरी नाव आहे ना, एवढं काउंटरवरच बघा. टॅगची पावती स्वतःकडे ठेवा. गटात त्या सगळ्या पावत्या म्होरक्याच्या पासपोर्टला चिकटवलेल्या असतात, म्हणून कुणाला त्यांची सवयच नसते.

शिक्का

तिकीटखिडकींचं सगळं मान्य, पण मला वरचं एक वाक्य वाचून धस्स झालं: "व्हिसाची शेवटची तारीख बरीच पुढची आहे."

ओहोटी, त्या तारखेवर जाऊ नका. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) स्टिकरवर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतंच, पण त्याखेरीज मुक्कामाच्या दिवसांचा एक रकाना असतो. खरा हुकूम त्याचा. दूतावास मुक्कामाचे दिवस ठरवतो आणि वैधतेच्या तारखेत पंधरा दिवसांची मोकळीक धरतो, विमानाची तारीख मागेपुढे झाली तर असावी म्हणून. ती मोकळीक राहण्यासाठी नसते. दौरा तेरा-चौदा दिवसांचा दाखवून अर्ज केला असेल तर रकान्यातही तेवढेच दिवस दिलेले असू शकतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरायचे.

पूर्वी अधिकारी शिक्के पाहून बोटांवर मोजायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस, म्हणजे सीमेवरची संगणकीय नोंद, टप्प्याटप्प्याने सुरू झालंय. त्यात चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन आत-बाहेरची नोंद होते आणि दिवस संगणक मोजतो. मुदतवाढ मिळते ती आजारपण, ओढवलेली आपत्ती किंवा तसंच गंभीर कारण असेल तर. हौदातला प्रयोग त्यात बसत नाही.

विम्याचंही तेच. पॉलिसी गटाच्या तारखांवर काढलेली असते. ती १५ किंवा १६ ला संपत असेल तर संपायच्या आत वाढवून घ्या, संपल्यावर बहुतेक कंपन्या हात वर करतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण पूर्ण मुक्कामाला असावं लागतं, तुमच्या जादा पाच दिवसांनाही.

ओहोटी

बाप रे. हे वाचून आधी खोलीत पळाले आणि पासपोर्ट काढला. (पासपोर्ट सरांकडून मागून घेतलाय, आता तो माझ्याकडेच राहील.) रकान्यात २० दिवस आहेत. आम्ही ३ तारखेला उतरलो, मी २० ला निघणार, दोन्ही दिवस धरून १८. म्हणजे दोन दिवस हाताशी.

विमा मात्र १६ ला संपतोय. उद्या सकाळी पहिलं काम ते.

चुकलेली गाडी

मी असाच एकदा दौऱ्यानंतर मागे राहिलो होतो, तेव्हा थोडं माझंही. कागदांचं वरच्या दोघांनी सांगितलंच आहे. मी त्या पाच दिवसांचं सांगतो.

गट जाताना तू त्यांच्याबरोबर स्कीपोलला, ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर जा. निरोपाचं नाटक म्हणून नव्हे. तुझ्या स्वतःच्या प्रवासाची ती रंगीत तालीम आहे, आणि या वेळी पाहायला तुला वेळच वेळ असेल. डेल्फ्टहून स्कीपोलला थेट रेल्वेगाड्या आहेत, पाऊण तास धर, आणि स्टेशन विमानतळाच्या बरोबर खाली आहे. गट बसने जाईल. तू जाताना बसमधून जा आणि येताना रेल्वेने परत ये. एकदा एकटीने गाडीत बसलीस की अर्धी धास्ती गेलीच. स्टेशनच्या फाटकावर बँकेचं संपर्करहित कार्ड टेकवलं तरी चालतं, पण उतरल्यावर पुन्हा तेच टेकवायचं. चढताना कार्ड आणि उतरताना फोन असं केलंस तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात, तेव्हा गाडीऐवजी बस असू शकते. गुरुवारी निघतेयस म्हणून ते टळेल, तरी आदल्या रात्री ॲपवर बघून घे.

तालमीत तुला चेक-इनपर्यंतच दिसेल, म्हणून पुढचा क्रम सांगतो. आधी सुरक्षा तपासणी, मग पासपोर्ट तपासणी. तू शेंगेनच्या बाहेर निघतेयस, त्यामुळे पासपोर्टची रांग तुला लागणारच, आणि शिक्का म्हणतायत त्या ठशांच्या भानगडीमुळे ती लांबतेही. तीन तास आधी पोच. विमान सुटण्याची वेळ विसर, बोर्डिंग पासवर गेटची वेळ असते ती धर.

दोह्यात बाहेर पडायच्या पाट्यांकडे जाऊ नकोस, ट्रान्सफरच्या पाट्या धर. तिथे हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी होते, म्हणून विमानातून उतरताना पाण्याची बाटली रिकामी कर. स्कीपोलच्या करमुक्त दुकानातलं अत्तर वगैरे घेतलं असशील तर त्यांची सीलबंद पिशवी फोडू नको, पावती आतच राहू दे. मग मोठ्या दालनात एक प्रचंड पिवळं अस्वल बसलेलं दिसेल, डोक्यात दिवा खुपसलेलं. ते दिसलं की समज, तू योग्य बाजूला आहेस. तिथला फलक बघून गेट शोध, आधी गेट आणि मग अस्वलाबरोबर फोटो.

आणि पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं सुटलंच, तर घाबरून स्वतःच्या पैशाने नवं तिकीट काढू नकोस! एकाच तिकिटावर असशील तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. सरळ ट्रान्सफर काउंटर गाठ. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना, कंपनी कुठलीही असो, संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. खोळंबा लांबला तर खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, हे त्यांनी द्यायचं असतं. मागावं मात्र लागतं.

आता न विचारलेलं एक. गट गेल्यावरची पहिली संध्याकाळ वाईट जाते. दोन आठवडे ज्यांच्या गोंगाटाने जीव नकोसा होतो, तीच माणसं हवीशी वाटतात. त्या दिवशी प्रबंध उघडू नकोस, काही सुचत नाही. कपडे धू, सामान नीट लाव, लवकर झोप.

गाळ

कुरिअरवाल्यांना परत पाठव. यात भिडेला जागा नाही. काउंटरवर विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का, कुणी काही दिलंय का. न उघडलेली पिशवी नेत असशील तर याचं खरं उत्तर काय देणार? बॅगेवर नाव तुझं, म्हणजे सीमाशुल्कवाल्यांपुढेही जबाब तूच देणार. पुस्तकं पोस्टाने जातात, ट्रायपॉड ज्याचा त्याने न्यावा. शिवाय गटात वजन इकडचं तिकडे करता येतं. तुझी बॅग दोन किलोने भरली तर जमिनीवर बसून तीच उघडावी लागेल.

वाळूचं म्हणशील तर समजू शकतो, मीही त्याच धंद्यातला. झांडमोटरला २०११ साली दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू एकदम टाकून ठेवायची आणि पुढची वाटणी वारा-लाटांवर सोडायची, ही कल्पनाच अशी आहे की मूठभर घरी न्यावीशी वाटते. पण माती आणि मातीसारखे नमुने परवान्याशिवाय आणायला पुष्कळ देशांत पीक संरक्षणाच्या कायद्याने मनाई आहे. धुतलेली कोरडी वाळू कुठे चालते, कुठे नाही. वर क्ष-किरणात बरणी म्हणजे एक घट्ट काळा गोळा दिसतो, बॅग उघडायला लावतातच. प्रबंधाला नमुना हवाच असेल तर प्रयोगशाळेकडून रीतसर कागदपत्रांनिशी मागव. नुसती आठवण म्हणून हवी असेल तर इथेच चाळण्या लावून कणांच्या आकाराचा आलेख काढ. त्याला वजन नाही.

हार्ड डिस्क हातातल्या बॅगेत ठेव आणि विदेची (डेटाची) दुसरी प्रत निघायच्या आधी नेटवर चढव. पॉवर बँकही हातातच, ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. वीस हजार एमएएचची म्हणजे साधारण ७४, चिंता नको. आणि प्रयोगशाळेचं व विभागाचं, दोन्ही पत्रं छापून जवळ ठेव. कुणी विचारलंच, गट गेला मग तू कशी मागे, तर फोनमध्ये शोधत बसायला नको.

दोन मुलांची आई

ओहोटी, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून लिहिते. एकटीने ये, काही होत नाही. फक्त आईला "पोचले की फोन करते" असं सांगू नकोस. त्याने आम्ही दर दहा मिनिटांनी फोन बघत बसतो. दोन्ही विमानांचे क्रमांक देऊन ठेव, म्हणजे विमान कुठवर आलं ते ती स्वतःच बघेल. मध्ये फोन बंद पडला किंवा वायफाय लागलं नाही तरी तिच्या जिवाला घोर नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांचे फोटोही तिच्याकडे असू देत. हरवलंच काही, तर वाचून दाखवायला माणूस हवा.

आणि सर जायच्या आधी, तुझ्याजवळच्या गावात अडीअडचणीला कुणाला हाक मारायची, त्या एका माणसाचं नाव आणि नंबर मागून घे. नुसती संस्था सांगतील, त्यावर थांबू नकोस.

ओहोटी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. झालेलं सांगते.

एजंटला रोज सकाळ-संध्याकाळ फोन केला. काल नवा पीएनआर आला आणि तेरा आकडी क्रमांकही. तिकीटखिडकी, तुम्हाला दंडवत घालायला हवा: पहिला टप्पा २० चा बरोबर होता, पण दोहा ते घर हा टप्पा २२ च्या पहाटेचा लावला होता. म्हणजे दोह्यात एक अख्खा दिवस आणि वर दोन तास. एजंट आधी म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, मध्यरात्र उलटते ना." तारखा बोटांवर मोजून दाखवल्या तेव्हा पटलं. आज दुरुस्त तिकीट आलं, कंपनीला फोन करून वाचून घेतलं. २० आणि २१.

विमा २३ पर्यंत वाढवला, ऑनलाइन झाला. न उघडलेली पिशवी ज्याची होती त्याला परत दिली. त्याने तोंड फुगवलं, मग त्यात काय आहे ते सांगितलं: पाच किलो चॉकलेट. पुस्तकं पोस्टाने गेली. वाळू परत किनाऱ्यावर. आलेखाचा सल्ला ऐकून इथल्या तंत्रज्ञबाई खूश झाल्या, सोमवारी चाळण्या लावतोय.

उद्या गटाबरोबर स्कीपोलला जाऊन रेल्वेने परत येतेय. एक राहिलंच: समजा घरी उतरल्यावर बॅग आलीच नाही, तर? गटात असताना हे सर बघायचे.

तिकीटखिडकी

२२ च्या पहाटेचा टप्पा वाचून हसू आलं आणि रागही.

बॅगेचं: पट्टा थांबेपर्यंत वाट बघा. नसेलच तर त्या दालनातून बाहेर न पडता बॅगेज काउंटरवर जा, टॅगची पावती दाखवा आणि पीआयआर, म्हणजे सामानाची तक्रार, नोंदवून घ्या. त्याचा क्रमांक मिळाल्याशिवाय हलू नका. दालनाबाहेर गेल्यावर तेच काम दसपट कटकटीचं होतं. बॅग आली पण फुटलेली असेल, तर १९९९ च्या माँट्रियल करारानुसार लेखी तक्रारीला सात दिवस, उशिरा आली तर हातात पडल्यापासून एकवीस दिवस. भरपाईची कमाल मर्यादा सध्या १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रोजच्या दराने त्याचे पैसे ठरतात. ती मर्यादा म्हणजे हमखास मिळणारी रक्कम नव्हे, आत काय होतं ते तुम्ही दाखवायचं. म्हणून बुधवारी रात्री बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक आणि बंद केल्यावर बाहेरून एक फोटो काढा.

आणि सीट आत्ताच निवडून ठेवा. गटातून नाव वेगळं केलं की जुनी सीट सुटलेली असते.